पक्व फळ आणि शिळे अन्न

अतिपक्व होऊन काळवंडलेले केळे देवापुढे ठेवण्यास सहसा कोणी धजत नाही. परंतु तेच केळे कुसकरून, कणीक, गूळ, लोणी आणि दही यांच्या संगतीने त्याचा ओलसर गोड पाव भाजला, तर तो नैवेद्यास योग्य ठरतो की नाही, हा प्रश्न वरकरणी स्वयंपाकघराचा वाटला तरी मूलतः धर्मविचाराचा आहे. कारण अन्नाची शुद्धाशुद्धता त्याच्यावरून लोटलेल्या काळावर अवलंबून असते की त्या काळाकडे पाहणाऱ्या मनुष्याच्या विवेकावर, याचा फैसला तेथे करावा लागतो.

वर्षाकाठी ४००० ते ५००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोयनानगरात हा प्रश्न दरसाल उभा राहतो. श्रावणात व्रतवैकल्यांच्या निमित्ताने घरी आलेली केळी त्या दमट हवेत पाहता पाहता मऊ पडतात, आणि पूजेस निरुपयोगी म्हणून त्यांची रवानगी उकिरड्यावर होते. असे करणाऱ्यांना गीतेच्या सतराव्या अध्यायाचा आधार आहेसा वाटतो, कारण तेथे शिळे, रसहीन व दुर्गंधीयुक्त अन्न तामस मानले आहे. पण रसहीन ते तामस असेल, तर ज्या फळातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर होऊन माधुर्य पराकोटीस पोहोचले आहे, त्याला ही मनाई कशी लागू पडावी? मनुस्मृतीचा पाचवा अध्याय तर याहून सूक्ष्म विचार करतो: स्निग्ध पदार्थाने युक्त असे निर्दोष अन्न, तसेच यव-गोधूमांचे आणि दुधाचे पदार्थ, रात्र उलटली तरी तो त्याज्य मानीत नाही. केवळ घटिका मोजून अन्नाला शिळे ठरविण्याची वहिवाट शास्त्रकारांनाही मान्य नव्हती, याचा हा स्पष्ट दाखला होय.

हा पाव करणे तरी काय, काळाचे भान राखण्याचाच एक अभ्यास आहे. यीस्टच्या पावाला तासन्‌तास फुगू द्यावे लागते. येथे खाण्याचा सोडा दह्यातील आम्लाशी मिळताच वायूचे बुडबुडे उठू लागतात, आणि ते विरून जाण्यापूर्वी भांडे आचेवर चढले पाहिजे. कणीक मिसळल्यावर फार घोटल्यास पाव चिवट होतो, म्हणून कोरडे पीठ दिसेनासे होताच हात आवरावा लागतो. शिट्टी व रबर काढलेल्या कुकरच्या तळाशी मीठ पसरून, मंद आचेवर पाऊण-एक तास तो भाजावा; मध्यभागी खुपसलेली सुरी स्वच्छ निघाली की उतरवावा. यात परकीय असे काही आहे, असे मानण्याचेही कारण नाही. कुंभार्ली घाटाखालच्या कोकणात जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची रीत जुनीच आहे.

मात्र या विचाराला एक हद्द आहे, आणि ती ओलांडणे हाही अधर्मच. बुरशी धरलेले, आंबूस दर्प येणारे फळ काटकसरीच्या नावाखाली पिठात दडविणे ही वंचना होय, आणि ते देवाला अर्पण करणे तर दुप्पट वंचना. काळ फळाला आधी पक्व करतो आणि मग त्याचा क्षय करतो. या दोन कृत्यांमधील सीमा रोज हातात फळ घेऊन, हुंगून, दाबून ओळखावी लागते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या ज्या भूमीवर भूकंपाने घरे कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली, त्या भूमीत राहणाऱ्याने विनाशाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. भूमीचा कंप मनुष्याच्या हुकमतीबाहेरचा. त्यापुढे शोक करावा आणि एकमेकांस सावरावे, एवढेच त्याच्या हाती उरते. परंतु टोपलीत विसरल्यामुळे सडलेले फळ हा दैवाचा आघात नव्हे, ती आपली उपेक्षा आहे. अनित्यतेचा सिद्धांत या उपेक्षेस निमित्त म्हणून पुढे करणे हा त्या सिद्धांताचा अवमान होय; सर्व काही नश्वर आहे, म्हणूनच प्रत्येक वस्तूचा योग्य क्षण साधण्याचे कर्तव्य मनुष्यावर येते.

म्हणून माझ्या मते असा पाव नैवेद्यास निःशंकपणे योग्य आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर संतोष व्यक्त केला, तो अर्पण करणाऱ्याची भक्ती पाहून. आणि भक्तीत सावधानतेचा समावेश होत नसेल, तर ती निव्वळ भावनेची भरती ठरेल. वाया जाऊ पाहणारे अन्न वेळीच ओळखून, त्यावर श्रम करून, ते देवाला दाखवून शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटणाऱ्या गृहिणीने वा गृहस्थाने नैवेद्याचा विधी मोडलेला नसून त्याचा हेतू पूर्ण केलेला असतो.