दोष कुणाचा, जबाबदारी कुणाची?



आपल्या घरांत प्रेम बोलून दाखवायची फारशी पद्धत नाही. स्टील कारखान्यातली पाळी संपवून किंवा शेतातून थकून आलेला बाप मुलीला एकच प्रश्न विचारतो, "जेवलीस का?" कशी आहेस, शाळेत काय झाले, मला तुझी काळजी वाटते, हे सगळे त्या दोन शब्दांत आलेले असते. म्हणून मुलगी ताट बाजूला सारते तेव्हा तिने आपल्यालाच बाजूला सारले, असे आईबापांना वाटते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तेथील पंधरा वर्षांची एक मुलगी प्रायश्चित्तकाळात एक वेळ जेवू लागली. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी सर्वांसमोर तिचे कौतुक केले. पास्काचा सण झाला, पण तिचा उपवास सुटला नाही. भाकरी चतकोरावर आली, मग तीही ओढणीआड लपवून गुरांपुढे जाऊ लागली. आई रडून विनवायची, वडील ओरडायचे, आजी म्हणायची, "नाटकं आहेत नुसती." शेवटी आईने मला विचारले, "फादर, आमचं काय चुकलं?" त्या कुटुंबाच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला विचारले होते, की पाप याचे की याच्या आईवडिलांचे (योहान ९). प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही. आता या माणसासाठी काय करायचे, याकडे तो वळला.

वैद्यकशास्त्रालाही हे वळण घ्यायला बराच काळ लागला. अन्न टाळत टाळत शरीर झिजवणाऱ्या या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात. लंडनचे डॉ. गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले. घरच्यांजवळ विनवणी आणि धमकी हे दोनच उपाय असतात आणि ते दोन्ही वाया जातात, हे लासेग यांनी तेव्हाच नोंदवले होते. १९७८ मध्ये अमेरिकेतील साल्व्हादोर मिनुचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घरांचे चित्र मांडले. माणसे एकमेकांत फार गुंतलेली, मुलांची अतिकाळजी, बदलाची धास्ती आणि मतभेद मिटवण्याऐवजी झाकून ठेवण्याची सवय. वाचताना आपलेच घर आठवावे, असे ते चित्र आहे. पण असा एकच ठरावीक घरांचा साचा नसतो, हे पुढील संशोधनातून दिसले. अनुवंश, स्वभाव, वय आणि समाज यांचाही आजारात वाटा असतो. २०१० मध्ये या विषयातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, कुटुंबालाच मूळ कारण ठरवून दोष देणे चूक आहे, असे स्पष्ट सांगितले. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत तर आईवडिलांनाच मुलीला पुन्हा जेवते करण्याचे काम सोपवतात. ज्यांच्यावर पूर्वी ठपका ठेवला जाई, तेच आता उपचाराचे भागीदार झाले आहेत.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते. शेजाऱ्याचे पोर विहिरीत पडले तर "मी ढकललं नाही" म्हणून कुणी काठावर उभा राहत नाही. दोष नसतानाही जबाबदारी असू शकते.

मात्र 'दोष नाही' याचा अर्थ 'काहीच बदलायला नको' असा नव्हे. "जाड झालीस, लग्न कसं व्हायचं?" हे आपण हसत बोलतो. घरातली आई सर्वांत शेवटी, उरलेले खाते. स्वतःचे अन्न सोडणे हाच बाईचा मोठेपणा, असे मुलगी न शिकवताही शिकते. त्याच शिकवणीवर मी कौतुकाचा शिक्का मारला होता. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मलाही द्यायचे होते.

मग मुलीने आज्ञाभंगाचे पाप केले का? पापासाठी मोकळी इच्छा लागते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते उदास आणि चिडचिडे झाले, त्यांच्या मनात दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. उपासमार मनालाही बांधून टाकते. अशा मुलीला हट्टी म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला उद्धट म्हणणे.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते. पंधरा वर्षांच्या मुलीवर ते नाही. शिवाय खरा उपवास सणाच्या दिवशी आनंदाने सुटतो आणि वाचलेला घास भुकेल्याच्या हाती जातो. जो थांबवताच येत नाही तो उपवास नसून आजार आहे, आणि हा आजार जीवही घेऊ शकतो. वजन झपाट्याने उतरणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे, जेवणाच्या वेळी सबबी सांगणे, ही लक्षणे दिसली तर आधी डॉक्टरांकडे जा. मनाच्या आजारांसाठी शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. प्रार्थना अवश्य करू या, पण डॉक्टरांना टाळून नव्हे.

याईराच्या मुलीची गोष्ट आठवा (मार्क ५). ती बारा वर्षांची होती. हसणाऱ्या गर्दीला प्रभूने बाहेर काढले, पण आईवडिलांना आत नेले. मुलगी उठल्यावर त्याने त्यांना उपदेश केला नाही की जाब विचारला नाही. तिला जेवू घालायला सांगितले. टोमणे मारणारी गर्दी घराबाहेर राहावी आणि आईबाप मुलीच्या उशाशी असावेत, एवढे तरी आपण त्या घरातून शिकू या.

त्या मुलीवर उपचार झाले. बरे व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात वडिलांनी ओरडणे सोडले आणि रोज रात्री ते तिच्याशेजारी ताट घेऊन बसू लागले. आईही शेवटी न जेवता त्यांच्याबरोबरच बसू लागली. आज रात्री आपल्या घरीही सर्वांची ताटे एकाच वेळी वाढा. "जेवलीस का?" हे जरूर विचारा, पण त्यानंतर आणखी एखादा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू