अभिरुचीचे पालकत्व

बडोद्यातील एका देवस्थानाच्या विश्वस्तांनी परवा आमच्यापुढे एक मसुदा ठेवला. चित्रपटगीतांच्या चालींवर भजने म्हणण्यास मंदिरात मज्जाव करावा, असा ठराव त्यांना कायद्याच्या भाषेत हवा होता. लेखणी हाती घेतली आणि डॉ. बा. वि. केसकर आठवले.

केसकर १९५२ पासून दहा वर्षे केंद्राचे नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा सिलोनकडे फिरविला. त्याच १९५२ साली तेथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती! अखेर केसकरांच्याच कारकिर्दीत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली.

केसकरांना हसणे सोपे आहे. बडोदेकरांनी तरी हसू नये. आमचे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारचे गायक उस्ताद फैयाज खाँ पुढल्याच वर्षी गेले. राजाश्रय तुटलेल्या देशभरच्या कित्येक गवयांना पुढे आधार झाला तो आकाशवाणीच्या मानधनाचा. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९५२ मधलाच. हे पुण्य केसकरांच्या खाती मांडलेच पाहिजे.

मग चुकले कोठे? उत्तम अन्न पानात वाढणे हा यजमानाचा धर्म खरा. पण पाहुण्याच्या पुढचे दुसरे पान ओढून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? त्यातून नभोवाणी ही सरकारची मक्तेदारी, आणि श्रोता परवान्याचे पैसे भरणारा. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. न्याय मात्र त्यापूर्वीही तोच होता.

मंदिर म्हणजे नभोवाणी नव्हे, असे विश्वस्त म्हणतील, आणि ते खरेच आहे. मंदिराला आपली मर्यादा असते, ती राखणे हे त्यांचे कर्तव्यच. तेव्हा ठराव करण्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या वृद्ध स्त्रिया त्या चालींवर विठ्ठलाला आळवितात, त्यांनी त्या चाली चुलीपाशी विविध भारती ऐकतच उचलल्या आहेत. ती चाल काढून घेतली तर त्यांच्या कंठी दुसरी कोणती देणार, याविषयी मसुद्यात एक अक्षर नाही. रागदारीतील भजने शिकविणारा कोणी नेमावा, असे कलम आम्ही सुचविले. खर्चाचा प्रश्न निघाला आणि बैठक संपली.

मसुदा अजून आमच्या मेजावर आहे. गुरुवारी त्या स्त्रियांचे भजन आहे. ते ऐकून मग काय ते लिहू, असे आम्ही विश्वस्तांना कळविले आहे.