काचेवरचं कातडं

रे रोड हे नाव लॉर्ड रे यांच्यावरून पडलं, असं इतिहास सांगतो. हे लॉर्डसाहेब १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो या रस्त्यावर उभा राहिला आहे, त्याचा या इतिहासावर विश्वास बसणं कठीण आहे. 'रे' म्हणजे इंग्रजीतला किरण आणि रे रोड म्हणजे सूर्यकिरणांचा राजरस्ता, अशीच त्याची खात्री पटते. एका अंगाला हार्बर लाइन, दुसऱ्या अंगाला दारूखान्याकडची गोदामं आणि लोखंडी पत्र्यांच्या थप्प्या. सावली म्हणून जी काही मिळते ती ट्रकची, आणि तीही ट्रक सुटला की त्याच्याबरोबर निघून जाते.

अशा ठिकाणी दिवसभर उभी राहिलेली गाडी ही गाडी राहत नाही, भट्टी होते. दार उघडलं की आतून झळ येते, सीटवर टेकावं तर पाठ शेकते आणि स्टिअरिंग हातात धरायला सांडशी लागते. तेव्हा काचांना उष्णता अडवणारी फिल्म लावायची असं आमच्या घरी ठरलं. म्हणजे सौ.नं ठरवलं आणि मला कळवलं.

मराठी माणसाला सल्ला मागावा लागत नाही, तो येतो. आमचे धाकटे मेव्हणे म्हणाले, "भावोजी, काळीकुट्ट मारा. आत कोण बसलंय ते दिसता कामा नये."

"पण आत मीच बसलेला असतो!"

"तेच तर म्हणतोय!"

यात अपमान किती आणि सल्ला किती, याचा हिशेब मी अजून करतो आहे. पण एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मला नको होतं ते ऊन. मेव्हणे घालवायला निघाले होते ते लोकांच्या नजरा. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपल्याला कुणी सांगितलं?

याचं उत्तर मला फिल्मच्या दुकानदारानं दिलं. त्यानं एक दिवा पेटवला, मध्ये काचेचा तुकडा धरला आणि म्हणाला, "साहेब, हात पुढे करा." हात भाजला. मग त्यानं फिल्म लावलेली काच धरली. हात थंड! काच बघितली तर जवळजवळ पाण्यासारखी स्वच्छ.

"अहो, पण हिला रंग कुठाय?"

"रंगाचं काय काम, साहेब? गर्मी डोळ्याला दिसते कुठे?"

हे वाक्य काशीच्या पंडिताला शोभलं असतं. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांतून येते, आणि हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काळा रंग अडवतो तो मुख्यतः उजेड. शिवाय साधी रंगीत फिल्म ऊन पिते, तापते आणि त्यातली काही उष्णता आतल्या माणसालाच परत देते. सिरॅमिक फिल्ममधले बारीक कण उजेडाला वाट देतात आणि अवरक्त किरणांना दाराबाहेर ठेवतात. मात्र दुकानदाराच्या दिव्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्या दिव्यातून बहुतेक अवरक्त किरणच निघतात. दिव्यापुढे सत्त्याण्णव टक्के मिळवणारी स्वच्छ फिल्म खऱ्या उन्हात पन्नासच्या आसपास येते, कारण उजेड आत घेतला की त्याच्याबरोबरची उष्णताही घ्यावी लागते. चाचणी आणि बोर्डाची परीक्षा यांत आमच्या वेळीही एवढाच फरक पडायचा.

म्हणजे थंडाव्याला काळोखाची गरज नाही. तरीही काळ्या काचांचा मोह सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर कुठल्याही प्रकारची काळी फिल्म चिकटवायला मनाई केली. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत पुढच्या-मागच्या काचांतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड गेलाच पाहिजे, असं लिहिलेलं होतंच. पुढे २०२१ च्या एप्रिलपासून नियमातली 'काच' जरा रुंदावली, आणि ठरलेला उजेड जाऊ देणारी प्रमाणित फिल्म चालेल, असा निर्वाळा केरळ उच्च न्यायालयानं २०२४ च्या सप्टेंबरात दिला. आपल्या चौकातल्या हवालदारानं तो वाचला आहे की नाही, हे मात्र प्रत्येकानं आपापल्या जबाबदारीवर तपासावं.

आता तुम्ही म्हणाल, घराला पडदे चालतात, मग गाडीनं काय घोडं मारलंय? आमच्या पूर्वजांकडे पालखीही होती आणि मेणाही. पालखी उघडी, मेणा बंद. हे खरं. पण घर आपल्या जागी बसून असतं, ते कुणाच्या अंगावर जात नाही. मेणा जात होता तो चार भोयांच्या पायांनी, आणि त्या भोयांचे डोळे उघडे असत. मोटारीला भोई नाहीत. जे काही डोळे आहेत ते आतल्या माणसाचेच.

या रस्त्यावर एखादा हातगाडीवाला रस्ता ओलांडताना बघा. गाडीवर लोखंडाच्या सळ्या, त्यांची टोकं मागे दोन हात लोंबताहेत, अंगातून घामाच्या धारा. तो झेब्रा पट्टे शोधत नाही, सिग्नलचा दिवाही बघत नाही. तो मोटारवाल्याच्या तोंडाकडे बघतो. मोटारवाला मान हलवतो किंवा नुसता डोळा उचलतो, आणि हातगाडी पुढे निघते. मुंबईची निम्मी वाहतूक अशा डोळ्यांच्या करारावर चालते. त्याला ना कागद लागतो, ना साक्षीदार. लागतो तो फक्त समोरच्याचा चेहरा. काळ्या काचेमागचा माणूस हा करारच मोडतो. तो सगळ्यांना बघतो आणि स्वतः कुणाला सापडत नाही. ही सोय आजवर फक्त परमेश्वराला होती, आणि त्याला गाडी चालवायची नसते.

म्हणून मी स्वच्छ फिल्म घेतली. मेव्हण्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि "लावलीय कुठे?" असं विचारलं. गाडी थोडी थंड राहते, हे खरं. पण एक अडचण झाली. पूर्वी आतही भाजायचं आणि बाहेरही, तेव्हा हातगाडीवाला आणि मी एकाच उन्हाचे धनी होतो. आता मी थंड बसतो, आणि काच इतकी स्वच्छ की त्याच्या मानेवरचा घाम थेंबाथेंबानं दिसतो. त्यालाही मी गारव्यात बसलेला दिसत असणार. माझ्या काचेनं परतवलेलं ऊन काही अरबी समुद्रात जाऊन पडत नाही, तेही याच रस्त्यावर राहतं. त्याला आधी जाऊ देण्यापलीकडे मला यावर काही उपाय सुचलेला नाही. तेवढं मी करतो. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, त्याला वाजवू देतो.

काळ्या फिल्मनं ही टोचणी लागली नसती. डोळ्यांवर कातडं ओढायचं ते काचेवर ओढलं, की काम झालं. दुकानदाराला मी दर विचारले तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, "साहेब, काळी सगळ्यात स्वस्त. जितकं साफ दिसेल, तितके पैसे जास्त."

सौ. म्हणाली, "थोडे कमी करा." तो म्हणाला, "भाभी, मग थोडं कमी दिसेल."