पाण्यावरील कांडी

शास्त्रपाठ : मत्तय १७:२४-२७, मार्क ५:२५-३४



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मंडळीच्या भेटीसाठी आम्ही अनसिंगास गेलो होतो. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. सायंकाळच्या प्रार्थनेस अवकाश होता, म्हणून आम्ही शिवारातील एका तळ्याच्या काठी जाऊन बसलो. तेथे एक वृद्ध भोई बांबूची काठी हाती धरून, गळ टाकून बसला होता. दोऱ्याच्या मध्यावर त्याने ज्वारीच्या धांड्याची एक बोटभर कांडी बांधली होती, आणि ती पाण्यावर उभी तरंगत होती. त्याची दृष्टी त्या कांडीवरून क्षणभरही ढळत नव्हती.

आम्ही विचारले, "बाबा, पाणी गढूळ, मासा दिसत नाही. मग तो लागला हे कळते कसे?" तो म्हणाला, "मासा काही सांगून येत नाही, पाद्रीसाहेब. कांडी सांगते, पन पाहनाऱ्यालेच सांगते."

हे वाक्य आमच्या अंतःकरणात रुतून बसले. त्यावर जे मनन घडले ते आज आपणांपुढे ठेवीत आहो.

गळाने मासे धरण्याची विद्या फार प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या करमणुकीस एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. इंग्लंडात सन १४९६ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात बुचाच्या तरंगत्या खुणा कशा कराव्या हे सांगितले आहे. कोणी बूच वापरतो, कोणी पिसाचा पोकळ देठ, आणि आमचा भोई धांड्याचा तुकडा. वस्तू निराळ्या, पण काम एकच : जे पाण्याखाली घडते आणि डोळ्यांस दिसत नाही, त्याची खूण पाण्यावर उमटविणे.

आता शास्त्राकडे वळू. नव्या करारात मासे धरण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, परंतु त्या बहुतेक जाळ्याच्या आहेत. गळाचा उल्लेख केवळ एकदाच येतो, आणि तो आपल्या पहिल्या पाठात आहे. कफर्णहूमात मंदिराची पट्टी वसूल करणारे पेत्राला गाठतात व तुमचा गुरू पट्टी देतो की नाही असे विचारतात. ही पट्टी माणशी दोन द्राख्मा, म्हणजे सुमारे दोन दिवसांची मजुरी. पेत्र होय म्हणून मोकळा होतो. पण पैसा कोठून आणावा? तो घरात येतो, आणि येथे मत्तय एक लहानशी गोष्ट नोंदवितो, जी आपण वाचताना ओलांडून जातो. पेत्राने तोंड उघडण्यापूर्वीच प्रभू त्या विषयावर बोलू लागला. देणेकऱ्याचे ओझे मनात घेऊन मनुष्य उंबऱ्याच्या आत आला, आणि प्रभूने ते त्याच्या सांगण्याआधीच जाणले.

मग प्रभूने त्याला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले. पेत्र तर जाळ्याचा कोळी. जाळ्यात शेकडो मासे एकदम येतात. गळाला एकच येतो. त्या एका माशाच्या तोंडात चार द्राख्मांचे नाणे सापडेल, आणि त्यात दोघांची पट्टी फिटेल, असे प्रभूने सांगितले. प्रियहो, सभा, जत्रा व उत्सव हे जाळ्याचे काम आहे. परंतु एका मनुष्याचे एक ओझे हे गळाचे काम आहे. तेथे एकाच ठिकाणी बसून, एकाच कांडीवर डोळा ठेवावा लागतो.

येथे एक शंका निवारली पाहिजे. कोणी म्हणेल, गळाला लागलेला मासा मरतो. मग ही उपमा मनुष्यास कशी लागू करावी? शंका रास्त आहे. मनुष्य ही शिकार नव्हे, आणि जो सेवक शेजाऱ्याकडे शिकार म्हणून पाहतो त्याने प्रभूला ओळखलेच नाही. लूकच्या ५व्या अध्यायात प्रभू पेत्राला माणसे धरणारा करीन म्हणतो, तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जिवंत धरणे असा आहे. बुडत्याचा हात धरावा तसे ते धरणे होय. म्हणून गळ व आमिष आपण भोयाजवळच राहू देऊ. त्याच्यापासून केवळ कांडी पाहण्याची रीत शिकू.

पहिली गोष्ट : कांडी योग्य भाराने बसविली पाहिजे. त्या वृद्धाने दोऱ्याला शिशाचा एक लहान तुकडा लाविला होता. त्यावाचून कांडी पाण्यावर आडवी लोळते, आणि वारा नेईल तिकडे जाते. भार लागला म्हणजे ती उभी राहते, व तिचे केवळ शेंड्याचे टोक पाण्यावर दिसते. टोक जितके लहान, तितक्या अल्प ओढीने ते बुडते; कांडीचा मोठा भाग वर राहिला तर माशाला अधिक जोर लावावा लागतो, आणि हलक्या स्पर्शाची खूण उमटतच नाही. बंधूंनो, जो उपदेशक स्वतः फार वर राहतो, ज्याला आपल्या मानाचे व विद्येचे फुगलेपण आहे, त्याला गरिबाच्या दुःखाची ओढ जाणवत नाही. दुसऱ्यांची ओझी वाहण्याची पौलाची आज्ञा हाच आमचा शिशाचा तुकडा होय. तो भार आम्हांला खाली ओढतो खरा, पण त्यानेच आम्ही उभे राहतो.

दुसरी गोष्ट : खोली. कांडीपासून गळापर्यंतचा दोरा कमी-जास्त करिता येतो. मासा तळाशी असेल आणि आमिष वीतभर पाण्यात लोंबत असेल, तर दिवसभर बसूनही कांडी हलावयाची नाही. आमच्या घरभेटी पुष्कळदा अशाच वीतभर खोलीच्या असतात. पाऊस कसा आहे, सोयाबीनला भाव काय, लेकरे शाळेत जातात ना, असे विचारून, एक प्रार्थना करून आम्ही चपला घालतो. कर्ज किती, रात्री झोप लागते काय, घरात बोलणे-चालणे आहे काय, हे विचारावयाचे राहूनच जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : खुणेचा अर्थ समजला पाहिजे. भोयाने आम्हांस तीन खुणा सांगितल्या. कांडी बारीक बारीक थरथरली, तर लहान मासे आमिष टोचीत आहेत; थांबावे. ती चालू लागली आणि बुडाली, तर मासा लागला. उशीर करू नये. परंतु कधी कधी कांडी बुडण्याऐवजी उलट वर येते, व पाण्यावर आडवी पडते. नवखा मनुष्य म्हणतो, काही नाही, दोरा सैल झाला. जाणता मनुष्य त्याच क्षणी उठतो. कारण माशाने तळाचे आमिष शिशासकट उचलून धरले, म्हणून कांडी हलकी झाली आहे.

हे ऐकून आम्ही फार वेळ गप्प राहिलो. का, ते आज कबूल करितो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी पाळक होतो. तेथील एक बंधू लागोपाठ नापिकीने खचला होता. त्याने बैलजोडी विकली. मग त्याचे उपासनेस येणे तुटले. आम्ही दोनदा भेटलो, प्रार्थना केली व परतलो. एका रविवारी तो धुतलेले कपडे घालून आला. सर्वांशी हसून बोलला. नेलेले गीतांचे पुस्तक त्याने परत आणले, एका जुन्या तंट्याबद्दल आमची क्षमा मागितली, आणि आपले घड्याळ पुतण्याच्या हातावर बांधले. आम्ही घरी येऊन देवाचे आभार मानले, की बंधूचे ओझे उतरले. बुधवारी निरोप आला, की त्याने स्वतःचा जीव दिला.

कांडी वर आली होती, बंधूंनो, आणि आम्ही तिला शांती समजलो.

हे एका घरचे दुःख नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने सन २००६ मध्ये विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला वाशीम जिल्हा होता. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वर्धा हे इतर पाच. कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा, पडलेले भाव आणि सावकाराचे व्याज यांच्या भाराखाली आमचे शेजारी आजही दबले आहेत. त्यांत ख्रिस्ती आहेत, तसे इतरही आहेत. कांडी पाहणाऱ्याने मासा कोणत्या जातीचा हे आधी विचारू नये.

आता दुसरा पाठ पाहा. गर्दी प्रभूला चहूकडून रेटीत होती. त्या गर्दीत बारा वर्षे आजाराने गांजलेली एक स्त्री मागून आली आणि तिने त्याच्या वस्त्राला स्पर्श मात्र केला. प्रभू थांबला व मला कोणी स्पर्श केला असे विचारू लागला. शिष्यांना नवल वाटले. एवढ्या रेटारेटीत स्पर्शाचे काय? त्यांना गर्दी जाणवली, प्रभूला ओढ जाणवली. एका अधिकाऱ्याची मुलगी मरणोन्मुख होती, वाट तातडीची होती, तरी तो थांबला. ती स्त्री पुढे येऊन सर्व खरे सांगेपर्यंत तो थांबला.

म्हणून उपदेशकांना, शिक्षकांना व मंडळीतील वडील मंडळींना आमची विनंती आहे. कोणी येणे सोडील, अबोल होईल, दारूकडे वळेल, तर ती खूण समजा. कोणी आपल्या वस्तू वाटू लागेल, निरोप घेतल्यासारखे बोलेल, किंवा फार दिवसांच्या खिन्नतेनंतर एकाएकी निश्चिंत दिसेल, तर तीही खूण समजा. कदाचित तीच मोठी. त्याच दिवशी त्याच्या घरी जा. जवळ बसा, आणि स्पष्ट विचारा : भाऊ, जीव नकोसा झाला आहे काय? असे विचारल्याने तो विचार मनात येईल अशी भीती बाळगू नका. जाणते वैद्य सांगतात की विचारल्याने मन मोकळे होते. उत्तर होय असे आले तर त्याला एकटे सोडू नका. घरच्यांना जागे करा व दवाखान्यात न्या. सन २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते. तो उपासनामंदिराच्या दारावर लिहून ठेवा.

आणि केवळ प्रार्थना करून उठू नका. प्रभूने पेत्राला धीर दिला, आणि पट्टीची सोयही लाविली. सावकार बेकायदा व्याज घेत असेल, जमीन बळकावीत असेल, तर सन २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करिता येते. तो अर्ज लिहून द्या, बरोबर जा. आमच्या परिचयाच्या एका उपदेशकाच्या पत्नीस शेजारच्या घरातून दोन सांजा चुलीचा धूर दिसला नाही. ती पिठाची परात घेऊन गेली, भाकरी थापता थापता बोलत राहिली, आणि घरधन्याच्या मनातील काळोख तिला कळला. दुसऱ्या दिवशी तिचा पती त्याच्याबरोबर बँकेत गेला. तो मनुष्य आज आपले शेत करीत आहे. एक न दिसलेला धूर! कांडी याहून मोठी नसते.

ज्या घरी असे मरण आधीच घडले आहे, त्या घराकडे बोट दाखवू नका. त्या विधवेच्या अंगणात मंडळीने जावे, तिच्या लेकरांना जवळ घ्यावे. मेलेल्याचा न्याय करणे आमचे काम नाही. तो दयाळू देवाच्या हाती आहे.

अंधार पडू लागला तेव्हा वृद्धाने गळ गुंडाळला. "कांडी दिसनासी झाली, आता बसून काय करू?" असे म्हणून तो उठला. शहरांतील हौशी लोक अशा वेळी काठीला घंटी किंवा विजेचा दिवा लावतात, म्हणजे मासा लागताच तो वाजतो वा चमकतो. मनुष्याच्या हृदयाला अशी घंटी नाही. तेथे शेजाऱ्याचा डोळाच हवा. आणि आमचे डोळे जेथे थकतात, तेथे १२१व्या स्तोत्रातील तो रक्षक आहे, ज्याला डुलकीही लागत नाही. तो आमच्या चुकीची क्षमा करितो, आणि पहाटे पुन्हा आम्हांस काठावर आणून बसवितो.

हे प्रभो, पेत्राचे ओझे तू न सांगता जाणलेस. आमच्या गावातील जे कोणी आज रात्री जागे आहेत, त्यांच्या दाराशी आम्हांला वेळेवर पोहोचव. आमेन.