दुसऱ्याची बाजू

वर्गात दोन मुलांचं भांडण झालं की मी दोघांचंही ऐकतो. पण ऐकून घेणं म्हणजे माफ करणं का?

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेत प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून येतं. १९९६च्या पहिल्या भागात जेमी लहानग्या ब्रॅनला बुरुजावरून ढकलतो. आपण फैसला करून मोकळे होतो. २०००च्या तिसऱ्या भागात जेमीची बाजू प्रथमच येते. शहर जाळायला निघालेल्या राजाला त्याने मारलं होतं. जगाने त्याला गद्दार ठरवलं. आपला राग डळमळतो. तरी ब्रॅनचे पाय परत येत नाहीत.

समतोल म्हणजे प्रकरणांची सारखी वाटणी नव्हे. जेमी बोलत असताना ब्रॅनचीही प्रकरणं चालू राहतात. मारणाऱ्याचं ऐकताना मीही रडणाऱ्याचा हात सोडत नाही.