एक कागद, एक टाचणी

जुन्या कॅलेंडरचं पान, कात्री, टाचणी, एक मणी आणि मागे रबर असलेली पेन्सिल. भिरभिऱ्याला एवढं पुरतं. त्यासाठी दुकानात जावं लागत नाही, हेच त्याचं मोठेपण.

१५ सेंटिमीटरचा चौरस दोन्ही कर्णांवर दुमडून उघडायचा. घड्यांवरून चारही कोपरे मध्याकडे कापत यायचे, पण मध्यापासून २ सेंटिमीटरवर कात्री थांबवायची. आता आठ टोकं मिळतात. त्यांतलं एकाआड एक टोक मध्यावर आणून टाचणी ओवायची आणि ती रबरात खुपसायची. मुलं घाईघाईत इथं घड्या चेपतात. तसं होऊ देऊ नये, कारण पाती फुगीर राहिली तरच वारा त्यांच्या पोकळीत शिरून त्यांना ढकलतो.

मणी कागद आणि रबर यांच्यामध्ये हवाच. तो घर्षण कमी करतो.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अशाच साध्या, टाकाऊ वस्तूंतून वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. टाकाऊतून शिकवण्याचा हा धडा शाळांनी मनापासून घ्यायला हवा. भिरभिऱ्यावर समोरून, बाजूनं, मागून फुंकर घातली की वेग कुठे वाढतो, हे तिसरीतलं मूलही स्वतःच शोधून काढतं.