आठवण आणि सम्यक वाचा

महाडच्या चवदार तळ्याची तारीख आज आपल्या मुलांनाही पाठ आहे. २० मार्च १९२७. परंतु वाचकहो, त्या दिवशी महाड गावातल्या घराघरांत काय घडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आपले लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठवण्यात आली आणि परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला. शिजलेले अन्न मातीत कालवले गेले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डाक बंगल्यावर उतरलेल्या बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. एवढे ग्रंथांत आले आहे. पण आसऱ्याचे दार कोणी उघडले, रात्री कोणाच्या चुलीवर भाकरी भाजल्या, हे फार थोडे लिहिले गेले. ते गावाच्या आठवणीत राहिले. ती पाहणारी पिढी गेली. आता उरले आहे ते नातवंडांनी आजीकडून ऐकलेले, आणि कोणाच्या ट्रंकेत एखादे पत्र, एखादा फोटो.

ते गोळा केलेच पाहिजे. यावर वाद नाही. प्रश्न पुढचा आहे.

केवळ ऐकिवात आले म्हणून काही खरे मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. आणि आपला इतिहास तर बहुतांशी ऐकीवच! लेखणी दुसऱ्यांच्या हाती होती. मग ऐकीव टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. आनंदानेही राजगृहाच्या संगीतीत सुत्ते सांगितली ती आपण ऐकली आहेत असे सांगून, आणि कोठे ऐकली ते ठिकाण सांगून. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगणे ही लबाडी नव्हे. ती डोळ्यांनी पाहिली असे भासवणे हा मात्र मुसावाद आहे. परिषदेच्या हजेरीचे आकडे पुस्तकांतही एकसारखे नाहीत. मग म्हाताऱ्या माणसाचा आकडा चुकला तर त्यात नवल काय? तो आकडा तसाच लिहावा. आपण दुरुस्त करून छापू नये.

याहून अवघड गोष्ट वेगळीच. समजा, एखाद्या स्पृश्य घरातला वृद्ध म्हणाला, ‘माझ्या आजोबांच्या हातात त्या दिवशी काठी होती.’ त्याची आठवण घ्यावी काय? माझे मत, घ्यावी, आणि त्याचे आभार मानून घ्यावी. समजा, आपल्याच एखाद्या कुटुंबाने सांगितले की भीतीपोटी आमचे घर परिषदेला गेलेच नाही. येथे आपला हात अडखळतो. समाजाची अब्रू जाईल असे वाटते. पण ज्यांची भाकरी गावकीवर अवलंबून होती, त्यांच्या भीतीची लाज आपण का बाळगावी? ती भीती वगळली तर जे गेले त्यांच्या धैर्याचे मोलही कळणार नाही. नाव छापू नका म्हणाले तर छापू नये. तो त्यांचा अधिकार आहे.

आणि बायकांना विचारावे. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची नेसण सोडा, चांदीचे जाड दागिने टाका. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथासाठी चळवळीतल्या बायांना गाठून विचारले, म्हणून कितीतरी हाती लागले. आपला कार्यकर्ता मात्र वही घेऊन जातो आणि ओटीवरच्या पुरुषाशी बोलून परत येतो. आत चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला तिच्या सासूने ती नेसण कधी सोडली आणि त्या दागिन्यांचे पुढे काय झाले, हे ठाऊक असते. तिला कोणी विचारलेले नसते.